होडी येणार नाही, दारं काढा

आजच्या सभेचे अध्यक्ष मुख्याधिकारी साहेब, व्यासपीठावरची सन्माननीय पाहुणे मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आपत्ती कक्षाच्या फोनवाल्या बाई, आणि माझ्या गल्लीतल्या बंधू-भगिनींनो,

मी सुतार माणूस. रंधा दिवसभर चालवीन, पण माईक धरायची सवय नाही. सांभाळून घ्या.

तो पूर आठवतो ना? बावीस वर्षं झाली. त्याच्या आदल्या पुरात सरकारी होडी अगदी वेळेवर आली होती. ब्लँकेटं काय, बिस्किटं काय! तिथंच आमचं बिघडलं. पुढच्या खेपेला बांध फुटला तेव्हा आम्ही काय केलं? कागदपत्रं पिशवीत घातली आणि गच्च्यांवर होडीसाठी रांगा लावल्या! नंबरावरून भांडणंही झाली. हसताय काय, तुम्हीच भांडत होतात.

आमचं घर बैठं. वडिलांचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून त्यांना माळ्यावर चढवून ठेवलेलं. पाणी चढतच होतं. मी पोहत समोरच्या शिंप्याच्या वरच्या मजल्यावर गेलो आणि आपत्ती कक्षाला फोन लावला.

"बाई, होडी कधी येतेय?"

'मदत निघाली आहे' एवढंच सांगायचं, असा त्यांना वरून हुकूम होता. हे आम्हाला फार नंतर कळलं. पण बाई म्हणाल्या, "होडी येणार नाही. आज तर नाहीच. काम काय करता तुम्ही?"

"सुतार आहे."

"मग वाट कसली बघताय? दारं काढा, तराफे बांधा!"

माझं डोकंच फिरलं. "मग सरकार कशाला आहे?"

"सरकार म्हणून मीच बसलेय ना इथं? मीच सांगतेय!" आणि फोन ठेवला.

शिव्या घालतच मी गल्लीतली अकरा दारं उतरवली. खाली तेलाचे रिकामे डबे बांधले. छप्पर उचकटून वडिलांना बाहेर काढलं. तराफ्यावर आडवे पडून त्यांनी लाकडावरून हात फिरवला. "दार चांगलं केलंय. कुणी रे?" माझंच होतं ते. माझ्या कामाला चांगलं म्हणायची त्यांची ती पहिलीच वेळ. काय सांगू, आजही आठवलं की भरून येतं.

संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली शाळेच्या टेकाडावर पोचली. होडी आली तिसऱ्या दिवशी. दारं परत बसवताना अदलाबदल झाली, ती तशीच राहिली. आजही दर पावसाळ्याआधी आम्ही घरोघरी एकदा दार उतरवून बघतो.

आम्ही आमच्या हिमतीवर वाचलो, अशी फुशारकी गल्लीनं खूप मारली. मीही मारली. पण त्या दिवशी आम्हाला खरं कुणी सांगितलं?

आता जे सांगायला उभा राहिलो ते सांगतो. पुरानंतर बाईंविरुद्ध एक निनावी अर्ज गेला. 'मदत नाकारली, उद्धट बोलल्या.' चौकशी लागली, बाईंची बढती सात वर्षं अडकली. बाई, तो अर्ज मी लिहिला. वडील शेजारच्या खाटेवर सुखरूप झोपलेले असताना लिहिला. दोनदा सांगायला तुमच्या ऑफिसात आलो, पण तुम्ही वडिलांची चौकशी केलीत आणि मी तसाच परत फिरलो.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या अर्जाची माफी मात्र सभेनं देऊन चालणार नाही. बाई, ती मी तुमच्याकडे मागतोय.