मालनकाकींचा एपिसोड

"महिनाभर चारला रिमोट तुमच्याच हातात! त्या जुन्या क्विझची सगळी उत्तरं पाठ तुम्हाला, तरी माझा नवरा-बायकोचा गेम शो लावू दिला नाहीत."

"दोन्ही चॅनेलवाले रिपीट चारलाच दाखवतात, मी काय करू, मालन?"

लालबागला मसाला कुटायच्या डंकावर हे म्हातारा-म्हातारी माझ्या पुढे. लाइन हलत नव्हती, माझं डोकं फिरलेलं.

"आजपासून त्यांनी आमचा टाइम दीडचा केला. त्यात आज आपलाच एपिसोड, वीस वर्षांपूर्वीचा. आणि तुम्ही मला आजच मिरच्या घेऊन इथं उभं केलंत!"

"मिरच्या वाळल्या होत्या ना."

"त्या आठवडाभर वाळल्यात. तुम्हाला तो प्रश्न बघायचा नाहीये."

"कुठला प्रश्न?"

"बायकोला सगळ्यात जास्त काय खायला आवडतं? काय बोललात तुम्ही?"

"बोंबलाचं कालवण."

"ते कोणाला आवडतं?"

"मला."

"गेला ना आपला फ्रिज!"

"हळू बोल गं, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. शेजारच्या प्राचीला सांगून आलेय, टीव्ही गॅलरीत लाव आणि अख्खा मजला बसव."

"अख्खा मजला? मग चल घरी."

"आणि नंबर?"

"जाऊ दे. सगळे हसतील तेव्हा तुझ्या बाजूला तरी बसतो."

"बसा. पण मला खरंच काय आवडतं, ते आता तरी सांगा."

"एपिसोडमध्ये तू सांगितलंयस ना? बघून सांगतो."

"काकी, चॅनेल कुठलं?" मी विचारलं. त्यांनी जाता जाता सांगितलं.

माझा नंबर आलाय, पण सव्वा वाजून गेला. मी निघतो आता.