दट्ट्या हळू दाबायचा

—नाही हो दादा, बसा तुम्ही, गाडी काय पळून जातेय का? ह्यांची आंघोळ उरकलीय, आत बूट चढवतायत. नाड्यांना आता वेळ लागतो, आणि मदत केली की रागावतात. तोवर घोटभर कॉफी घ्या. — हे? ह्याला प्रेस म्हणतात. काचेचं भांडं, वर जाळीचा दट्ट्या, बाकी काही नाही. पूड जाडसर हवी. पाण्याची उकळी जरा बसू द्यायची, ओतायचं, ढवळायचं, आणि मग गप्प उभं राहायचं — ते मला कधी जमलं नाही. ह्यांना जमायचं. लग्न झाल्यापासून सकाळची कॉफी ह्यांचीच, मी स्वयंपाकघरात डोकावले की, "जा, पड जरा, आणतो." मैत्रिणी जळायच्या माझ्यावर. जळू देत.

अजून तेच करतात. सगळं विसरलेत — लेकीचं नाव, जिना कुठे, जेवलो की नाही — पण हात नाही विसरले. लेकीने सांगितलंच असेल तुम्हाला. — हे नाही सांगितलं? मला ओळखत नाहीत ते. म्हणजे उभी असले की नाही ओळखत. उभी असले की मी कामाची बाई. "बाई, जरा सरका, हिची कॉफी करायचीय." हिची म्हणजे माझी! सुरुवातीला भांडले मी, लग्नाचा फोटो पुढे धरला, तर फोटोतली बरोबर ओळखली आणि वर मलाच म्हणतात, ओला हात लावू नका त्याला. कपाळ माझं! मग एक सुचलं — ते दट्ट्या दाबायला लागले की आपण चपला काढून हळूच खोलीत जायचं, पांघरूण कपाळापर्यंत ओढायचं आणि पडून राहायचं. कप येतो. "ऊठ गं, निवतेय." तेवढ्यापुरती मी बायको. उठून बसले की संपलं, लगेच, "अहो बाई, तुम्ही इथे काय करताय?" म्हणून पडल्या पडल्याच पिते. सांडते थोडी. सांडू दे.

हातावरची पट्टी ना? हो, त्यातलंच ते. दुकानदाराने पूड बारीक दळून दिली, दट्ट्या अडला, ह्यांनी जोर लावला आणि गरम पाणी उडालं माझ्या मनगटावर. ह्यांनीच नळाखाली धरला माझा हात, आणि कानाशी येऊन म्हणाले, "हिला सांगू नका हं बाई, घाबरेल ती." लेकीने पट्टी बघितली आणि तुमच्या संस्थेत फोन केला, बाबांना तिथे ठेवून घ्या म्हणून. तिचं चुकलं असं नाही म्हणत मी. उद्या गॅसचं काही झालं असतं तर? नाही, तिचं नाहीच चुकलं. आई रडेल म्हणून आज आली नाही ती. कुठे रडतेय? बघा, डोळे कोरडे ठाक. आत काही हलतच नाही, दगड बरा.

तुमच्या तिथे हे भांडं चालेल का हो? — काच. हो, खरंच. आणि गरम पाणी. — मशीन आहे? बटण दाबलं की कप भरतो? बरं. कुणासाठी भरतील, पण — असू दे. बरं आहे.

नाही नाही, तुम्ही नका हात धरू, मीच बसवते गाडीत. बाईचं ऐकतात ते. गोळी घ्या म्हटलं की घेतात. बायकोला सोडून मात्र हलायचे नाहीत. आज कॉफीसुद्धा करू दिली नाही मी त्यांना, भांडं घासायला घेतलंय म्हटलं. मघाशी सांगितलं, साहेब, आज बाहेर जायचंय — तर म्हणाले, हिला सांगून येतो, आणि निघाले खोलीकडे. मी पळत जाऊन पडले असते तर माझाही निरोप झाला असता. वाटलं होतं तसं करावं. पण मग ते पलंगाच्या काठाशी बसले असते, आणि तुमच्यासारखे चौघं आले असते तरी उठले नसते. दार अडवून उभी राहिले. म्हटलं, बाईसाहेबांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आत्ता कुठे झोपल्यात, उठवू नका. ऐकलं लगेच. चवड्यांवर चालत मागे फिरले.

ती बॅग घ्या तुम्ही. स्वेटर वरच ठेवलाय, संध्याकाळी लागतो त्यांना. कप राहू दे तिथेच — हळू बोला, आले.

या साहेब. गाडी खालीच आहे. — हो, झोपल्यात अजून. — बघते ना मी त्यांच्याकडे. चला.