डोळे काढलेला गणपती

अरे, हे घर मी घासाघीस करून नाही, एका शपथेवर घेतलं. मालकाचा इथं पेणला गणपतींचा कारखाना, घर त्याच्याच मागे. कारखान्यात मूर्तींच्या रांगेत उभा राहून एजंट मला म्हणाला, “ताई, पनवेलची पार्टी तुमच्यापेक्षा दोन लाख जास्त देतेय. आजच आकडा वाढवा.”

“पार्टी खरी हाय कशावरून?”

त्यानं झटकन शेजारच्या मूर्तीवर हात ठेवला. “बाप्पाची शपथ!”

मी मूर्तीकडे बघितलं. तिचे डोळे अजून रंगानं काढायचे होते.

“ह्याला काय दिसणार? त्या पलीकडच्या, डोळे काढलेल्या गणपतीवर हात ठेवा.”

त्याचा हात गेला खिशात. “थांबा, पार्टीला फोन करून बघतो.”

अजून करतोय. तुम्ही चहा घ्या, घर माझ्याच आकड्याला आलं.