धोंड्याचा महिना मोजला न्हाई

माझं माहेर तिसगावच्या अल्याड, वस्तीवरचं. बापाची कोरडवाहू जमीन, बाजरी आली तर आली, आन् आमी पाच बहिनी, मग शाळा कुठली. तेराव्या वर्षी लगीन झालं, सासर हितलंच, चार कोसांवर. आमचे मालक तिकडं राहात्याला बागाईतदाराकडं सालानं हायेत. सालगड्याचं साल पाडव्याला फिरतं, तवा आठ दिस घरी येत्यात आन् जात्यात. काय सांगू ताई तुमाला, त्या आठ दिवसांचंच हे समदं.

मला चार लेकरं, धाकटं अंगावर पीत हुतं. पाऊस न्हाई, मी दुष्काळी कामावर खडी फोडायला. सांजंला सुकडी मिळायची ती पोरांच्या तोंडात घालून मी पानी पिऊन निजायची. आन् त्यात दिवस गेले. मळमळ सुटली तवा शेजारच्या बाया सांगाय लागल्या, काढा घे, कच्ची पपई खा, न्हाईतर गावातल्या म्हाताऱ्या सुइनीकडनं पोटात काडी घालून घे. काडी! माझी थोरली जाऊ त्याच काडीनं गेली. तीन दिस तापानं फणफणली, दातखीळ बसली, आन् सासू म्हनती गपा, लोकास्नी कावीळ झाली म्हनून सांगा. मी म्हनलं मी मरंन पर काडी न्हाई.

आमच्या गावाला फिरतीवर नर्सबाई यायच्या. त्यांचं पाय धरलं. त्या म्हनल्या अगं गयाबाई, उठ, आता सरकारनं कायदा केलाय, चोरी न्हाई. तीन महिन्यांच्या आत गेलीस तर डाक्टर भूल देऊन पिशवी साफ करत्यात, दुसऱ्या दिवशी घरी. तीन महिन्यांच्या म्होरं गेलं तर दोन डाक्टरांनी बघाय लागतं, पोटात सुई देऊन कळा आनत्यात, ते अवघड, जिवाला जड. तवा लवकर जा.

मी दुसऱ्या दिवशीच खाडा करून सरकारी दवाखान्यात गेले. डाक्टर म्हनला, कवा बाजूला बसली हुतीस? मी म्हनलं पाडव्याच्या तोंडावर. किती महिने झाले? म्हनलं पाडवा ते वैशाखातली आकिती एक महिना, आन् वर थोडे दिस, दीड धरा. त्यानं पोटाला हात लावला न्हाई. दीड लिवलं. म्हनला मग घाई काय हाय, नवऱ्याची सही आन.

नवरा राहात्याला! पोस्टमास्तरकडनं कार्ड लिवून घेतलं, ते पोचलं, पर बागाईतदार सोडंना. मी वाट बघतीय, खडी फोडतीय, पोट वाढतंय. मालक आले ते महिन्यानं, वटपुनवंला. दोघं गेलो, त्यांनी अंगठा उठवला. तवा डाक्टरनं पोट दाबून बघितलं आन् वरडला, खोटारडे, साडेतीन महिने झालेत, तवा दीड म्हनून सांगितलंस, आज अडीच पायजेत!

आता तुमीच सांगा. त्या साली वैशाख धोंड्याचा, अधिकाचा आला हुता, म्हंजी वैशाख दोनदा. आमी धोंड्यात लगीन धरीत न्हाई, नवं काम धरीत न्हाई, तो महिना हिशेबात घेत न्हाई. पाडवा ते आकिती एकच महिना, हेच जलमापासून ऐकलेलं. त्या साली दोन झाले. माझं चुकलं, व्हय, मी अडानी. पर त्या डाक्टरच्या डोक्यामागं भिंतीवर कॅलेंडर टांगलं हुतं की, त्यात धोंड्याचा महिना छापलेला. मला वाचाय येत न्हाई, त्याला येत हुतं!

मग नगरला मोठ्या दवाखान्यात गेलो. दोन डाक्टर, पोटात सुई, दोन दिस कळा. बाजूच्या खाटंवरली बाई म्हनली लई रगत गेलं गं तुझं. वाचले. पर दीड महिना घमेलं उचलाय आलं न्हाई, अंगावरलं दूध आटलं, धाकटं रडून रडून सुकलं.

आन् घरी आल्यावर नर्सबाई काय म्हनल्या ठावं हाय? म्हनल्या, जानत्या बाईला नवऱ्याची सही लागतच न्हाई कायद्यात, तिचीच लागती. माझं डोकंच फिरलं. म्हनलं बाई, मग आदी का न्हाई बोललात? तर म्हनल्या डाक्टर मागंल असं वाटलं न्हाई. वाटलं न्हाई! एका अंगठ्यापायी माझा महिना गेला.

मागल्या पंधरवड्यात कामावरली हौसा अशीच रडत आली. पदरात तीन पोरं, नवरा पुन्याकडं. मी तिला म्हनलं सण मोजू नगं, आवसा मोज, धोंड्यातबी आवस येतीच. दोन भरल्या. तसंच तिला घेऊन गेले. त्याच डाक्टरनं त्याच तोंडानं इचारलं, नवरा कुठाय? मी म्हनलं सायेब, पोट तिचं हाय, कायद्यात लिवलेलं वाचा, न्हाईतर आमी नगरला मोठ्या सायबाला इचारतो. हौसा माझा पदर वढतीय, गप बसा मावशी, म्हनतीय. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग शाई म्होरं सारली. हौसानं अंगठा दिला. तिचा तिनं.

दुसऱ्या दिवशी चालत घरी आली ती. आज माझ्या शेजारी बसून खडी फोडतीय, बघा, ती हिरव्या लुगड्याची. द्येव तिला सुखात ठेवो.