आधीचा फोटो

खणकन् आवाज झाला. लेकीच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि नगरपालिकेतली गप्प रांग दचकली. आमच्या पुढच्या नवरा-बायकोचं दबकं भांडण मग मोठ्यानेच सुरू झालं.

“अहो, पुरस्काराचा अर्ज नीट वाचा. विहीर साफ करण्याआधीचा फोटो मागितलाय.”

“आधीचा कोण काढतं? तिकडे बघायचीसुद्धा लाज वाटायची.”

“मग विसरा पुरस्कार. पुरस्काराची विहीर तरी कोणी बुजवणार नाही. नाहीतर पुढच्या महिन्यात नगरपालिकावाले बुजवतील, तेही बघा.”

“दोन पोती कचरा परत टाकू. फोटो काढू, लगेच उचलू.”

“टाकून तर बघा! तळ दिसायला आठ महिने लागलेत. माझ्या कंबरेला विचारा.”

“खिडकी पाचला बंद होते गं. काहीतरी सुचव.”

“पहिल्या दिवशी तुम्ही माझा एक काढला होतात. कचऱ्यात गुडघाभर उभी होते. तो असता तर...”

“तूच पुसायला लावलास. म्हणालीस, काय हा अवतार!”

“तेव्हा मला काय ठाऊक?”

“पुसला नव्हता मी.”

“काय?”

“हा बघ मोबाईलमध्ये.”

“अगं बाई! आठ महिने खोटं बोललात माझ्याशी?”

“छान दिसतेस त्यात, म्हणून ठेवला. लावू अर्जाला?”

“लावा. बघू दे सगळ्या गावाला अवतार. आधी पळा, समोरच्या दुकानातून छापून आणा!”

तो खरंच पळाला. लेकीनं माझी ओढणी ओढली.

“आई, मी यायच्या आधीचा तुझा फोटो आहे? तेव्हा तू कशी होतीस?”