निरोगी माणसाची रेघ

हृदयतपासणीच्या खोलीबाहेर नंबराची वाट पाहत बसलेल्या शिक्षिकाबाईंच्या कानावर शेजारच्या दोघांचं बोलणं पडत होतं. फाईल धाकट्याच्या मांडीवर होती.

"भावोजी, आतलं क्वांटम यंत्र तुम्हीच बनवलंत ना?"

"हो. कुपीतले अणू हृदयाचं चुंबकत्व टिपतात. अठरा वर्षं घातली त्यात."

"मग असं तोंड पाडून काय बसलात? ताई असती तर दवाखानाभर सांगत सुटली असती."

"पहिल्यांदा तिलाच झोपवलं होतं त्याच्याखाली. पडद्यावर तुलनेला निरोगी माणसाची रेघ हवी होती."

"मग?"

"वाकडी आली. आमच्याकडे रेघ खटकली की आधी यंत्रावर संशय घेतात. चार महिने मी यंत्रच दुरुस्त करत बसलो."

"बिघाड सापडला?"

"यंत्रात नव्हताच."

"...ताईला सांगितलंत हे?"

"तिच्या शेवटच्या आठवड्यात. हसली. म्हणाली, 'म्हणजे जमलं की हो तुमचं यंत्र!'"

दार उघडून परिचारिकेनं नंबर पुकारला. धाकटा जागचा हलला नाही.

"मला नाही जायचं आत."

"जा. ते चुकत नाही."