चित्र थांबवणारी मशीन

शामला : फिल्म कधी आली म्हणालात?

मधुकर : काल. सांगितलं नं. इकडे कामठीहून हे सिनेमाचं मशीन घेऊन उतरलो, तिकडे पोस्टमन दारात.

शामला : मग डबीवरचा शिक्का चौदा डिसेंबरचा कसा? आज संक्रांत होऊन तीन दिवस झाले.

मधुकर : मुंबईले धुवाले गेली होती. तिकडचा असेल शिक्का. तू ती खिडकीची गोधडी नीट खोच बरं, उजेड येऊन राहिला.

शामला : मुंबईचा समोर आहे. मी मागचा सांगतेय. कोराडीचा, पोचल्याचा.

मनकर्णाबाई : काय वं शामले, संक्रांतीले तं त्याले तिळगूळ देऊन गोड बोल म्हणे. अन् आज पोलिसावानी इचारून राहिली?

शामला : साधं विचारलं आई.

मनकर्णाबाई : तुयं साधं मले मालूम हाये. दूधवाल्याले बी साधंच इचारते तू, तं तो दुसऱ्या दिवशी गल्ली बदलते.

मधुकर : आई, तू पलंगावर बस. कौशीच्या पायाशी.

मनकर्णाबाई : मंग कुठं बसू? खाली बसाले सांगू नको, माहे गुडघे नाही वाकत. अन् मधू, तुह्या बाबाचं कोरं धोतर भिंतीले टांगलं त्वा. बुढा गावाहून आला तं काय घालन?

मधुकर : पडदा पाहिजे नं पांढरा. चादरी सगळ्या फुलाच्या आहेत.

मनकर्णाबाई : कोराडीत पांढरं ऱ्हायते का काही? दोन दिस टांगलं तं राखेनं करडं होते. अन् हे मशीन खडखड करन, तं पोट्टी उठन. आताच झोपली बिचारी.

मधुकर : नाही उठत ती.

शामला : कसं माहीत?

मधुकर : काय कसं माहीत?

शामला : नाही उठत, हे. इतक्या खात्रीनं सांगितलंत म्हणून विचारलं.

मधुकर : अगं, पॉवर हाऊसच्या कॉलनीतली पोरगी ती. शिफ्टच्या भोंग्याले उठत नाही, ह्याले काय उठणार? ती रीळ दे इकडे.

शामला : हिच्या टोकाला चिकटपट्टी असते, कंपनीनं लावलेली. मशीनच्या पुस्तिकेत चित्र आहे. इथे नाही. म्हणजे ही आधी उघडलीय.

मधुकर : पुस्तिका केव्हा वाचली तू?

शामला : तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. सगळी वाचली. हे मशीन कशाला घेतलं हो?

मधुकर : तूच म्हणत होती नं, शरच्चंद्रचा कॅमेरा मागून आणला, दिवाळीची फिल्म काढली, आता पाहायची कशावर? म्हणून.

शामला : मशीन कशाला, नाही विचारलं. हे मशीन कशाला, विचारलं. कामठीच्या भैयाजींकडे विकायला दोन मशीनं आहेत असं शरच्चंद्र भावजी माझ्यासमोर म्हणाले होते. एक लहान, निळ्या पेटीतलं, हातात धरून बसमधून आणता येईल असं. ते ठरलं होतं. मग हे जात्याएवढं धूड का उचलून आणलंत?

मधुकर : लहान्याचा बल्ब नागपुरात मिळत नाही.

शामला : चौकशी केलीत?

मधुकर : केली. सीताबर्डीवर.

शामला : कोणाकडे?

मधुकर : शामला!

मनकर्णाबाई : घे! त्याचीबी गल्ली बदलते आता.

शामला : आई, हसू नका. दोनदा गेले हे कामठीला. एकदा डिसेंबरात, ओव्हरटाइम आहे सांगून. शर्टाच्या खिशात बसचं तिकीट निघालं.

मनकर्णाबाई : अरे बापा! मधू, बाई गिई तं नाही नं तुह्या फिल्मीत?

शामला : बाई असती तर मला इतकी भीती वाटली नसती.

मधुकर : मग कशाची वाटते?

शामला : पुस्तिकेत बाविसाव्या पानावर लिहिलंय, ह्या मशीनमध्ये चित्र मधेच थांबवता येतं. साध्या मशीनमध्ये थांबवलं तर बल्बच्या आचेनं फिल्म जळते, ह्याच्यात नाही जळत. उलटंही फिरवता येतं. घरच्या दिवाळीत थांबवून बघण्यासारखं काय आहे?

मधुकर : दिवा बंद कर.

शामला : उत्तर द्या आधी.

मधुकर : बंद कर दिवा. पाहू आधी.

मनकर्णाबाई : कर वं बाई. चिडून राहिला तो. ... अगंबाई! लागलं रे लागलं! हे आपलं दार! हा आपला ओटा! मधू, हे हलते कसं?

मधुकर : सेकंदाले सोळा चित्रं जातात आई, एकामागं एक.

मनकर्णाबाई : अन् ही कोन फेंगडी चालून राहिली?

मधुकर : तू.

मनकर्णाबाई : मी? माहं नाक असं हाये? इतके वर्स कोनी सांगलं नाही मले!

शामला : ही पाडव्याची सकाळ. माझी अबोली साडी. कौशी ओट्यावर बसलीय पाठमोरी. नवा फ्रॉक घालून राख गोळा करतेय डबीत.

मनकर्णाबाई : राखच खेळे ती सदा. आता पाय, आता मज्जा हाये. मी चिवड्याचं ताट घेऊन येतो, अन् तिकडे शेजारच्या सिंधूताईच्या दारात त्यो सुतळी बॉम्ब... हे पाय! उडालं! सारं ताट उडालं! अवं माय वं, कशी नाचून राहिली मी! आवाज नाही तं किती येडे दिसून राहिलो आपन सारे! शामले, तुहं तोंड पाय, इतकं मोठं!

मधुकर : आई, हळू.

मनकर्णाबाई : हासाले काय झालं? मधू, हास नं तूबी. काय वं शामले? तूबी गप?

शामला : मागे घ्या.

मधुकर : शामला, पूर्ण तं पाहून घे. पुढे पाडव्याची ओवाळणी आहे...

शामला : मागे घ्या. बॉम्बपाशी थांबवा. येतं ना थांबवता? त्याच्यासाठीच आणलंय ना हे?

(रीळ उलटी फिरते. चित्र थांबते. मशीनमधला पंखा तेवढा घुमत राहतो.)

शामला : सिंधूताईंचं कुत्रं ओट्याखाली घुसतंय. निंबावरचे कावळे उडालेत. आईंचं ताट हातातून सुटलंय. माझे दोन्ही हात कानांवर. आता एकेक चित्र पुढे घ्या. ... अजून. ... अजून एक. ... कौशीनं चिमूट भरली. डबीत टाकली. दुसरी चिमूट भरली.

मधुकर : आपलं चित्र हललं, पाहिलं? इथे, ह्या दोन चित्रांत, सारं घर तिरपं झालं. तो माझा हात. कॅमेरा डोळ्याशी होता, बॉम्ब मीच लावून आलो होतो, तरी मी दचकलो. अख्खं चित्र दचकलं शामला. ती नाही दचकली.

मनकर्णाबाई : खेळाच्या नादात असन. लेकरं असतेच अशे.

शामला : कितव्यांदा बघताय तुम्ही हे?

मधुकर : मोजलं नाही.

शामला : डिसेंबरात पाहिलंत.

मधुकर : मशीन पसंत कराले गेलो होतो. भैयाजी म्हणे, साहेब, तुमचीच रीळ लावून पाहा. छावणीत जवानांना सिनेमे दाखवण्यात हयात गेली त्याची, फिल्मवर नजर पक्की. मी हसून राहिलो होतो, आईचं ताट पाहून. अन् तो हळूच म्हणते, "साहब, बच्ची को सुनाई देता है ना?"

शामला : मग?

मधुकर : भांडलो त्याच्याशी. म्हटलं, तुमची मशीन खराब आहे. मधली चित्रं खाऊन टाकते. ती दचकली असेल, तेवढंच तुमच्या मशीननं खाल्लं. तसाच उठून आलो, रीळ खिशात घालून.

शामला : आणि महिन्याभरानं जाऊन तीच खराब मशीन विकत आणलीत.

मधुकर : खराब निघावी म्हणून आणली. काल तू भाजीले गेली, तेव्हा भिंग घेऊन बसलो. फिल्मची भोकं पाहिली, मशीनचे दाते पाहिले. एक चित्र नाही खाल्लं तिनं.

शामला : आणि मला सांगितलं नाहीत.

मधुकर : कसं सांगू? तू तिच्या पाठीमागं उभी राहून भांडे वाजवते, हे मले दिसत नव्हतं का? घरातल्या सगळ्या पातेल्यांले पोचे आहेत. मले वाटे, हिचा दूधवाल्यावरचा संशय खोटा निघते, मोलकरणीवरचा खोटा निघते, तसा हाही एक दिवस खोटा निघेल. मी बोललो तं तो खरा होईल.

शामला : मी तुम्हाला सांगणार होते. दसऱ्यालाच. पण तुम्ही म्हणाला असतात, हिला कॉलेजात हेच शिकवलं का, सगळीकडे खोट शोधायला. म्हणून म्हटलं, आधी पक्कं करू. रोज पक्कं करत होते. कधी ती नेमकी वळायची, आणि मला वाटायचं, संपलं, उगाच घाबरले. मग लक्षात यायचं, माझी सावली पडली होती तिच्यापुढे.

मनकर्णाबाई : काय बोलून राहिले रे तुमी दोघं? अडीच वर्साची पोट्टी ते. मधू तं चौथ्या वर्सी बोलला. चवथ्या! लोक म्हणे मुका निंगते, अन् आता पाय, बंद होत नाही.

शामला : आई, बॉम्बच्या आधीचं बघायचं?

मनकर्णाबाई : मले नाही पायचं. डोये दुखते.

शामला : थोडंच आहे. घ्या हो मागे. ... इथे. आई लाडू द्यायला येतायत तिला. ती पाठमोरी आहे. आई, तुमचं तोंड बघा. मिटलेलं आहे. तुम्ही हाक मारली नाही.

मनकर्णाबाई : मंग? लाडू द्याले हाक कायले पाह्यजे?

शामला : तुम्ही ओटा उतरलात. खाली गेलात, पूर्ण वळसा घालून तिच्या समोर आलात. दोन पायऱ्या पुन्हा चढलात. तिच्यापुढे उकिडव्या बसलात. आणि मग बोलायला लागलात.

मनकर्णाबाई : मधू, दिवा लाव तं.

शामला : तुमचे गुडघे वाकत नाहीत आई. मग इतका वळसा कशासाठी घातलात?

मधुकर : आई?

मनकर्णाबाई : तान्ह्या पोयाले.

मधुकर : काय तान्ह्या पोळ्याला?

मनकर्णाबाई : कॉलनीतले लेकरं लाकडाचे बैल घेऊन आले होते नं दारात. संगं ढोल होता. हिच्या पाठीशीच वाजवला त्याईनं, इतका जवय. पोट्टी पाठ करून बसली, ते बसलीच. मी म्हटलं असन. मंग ढोलवाल्यानं ढोल ओट्यावर टेकवला, हिनं त्याच्यावर हात ठेवला, अन् जे हासली! जे हासली! तवा मले समजलं.

शामला : पाच महिने झाले.

मनकर्णाबाई : हो वं.

शामला : पाच महिने! आणि मी कढईवर पळी आपटली की तुम्ही आतून ओरडायचात, काहून भांडे फोडून राहिली म्हणून!

मनकर्णाबाई : मंग काय करू? तू मागून वाजवे, अन् ते वयून नाही पाहे. तू पुन्हा वाजवे. मले ऐकवे नाही बाई. ते तं ऐकत नव्हती, मीच ऐकून राहिली होती सारं.

शामला : सांगायचं होतं मला.

मनकर्णाबाई : तुले? तुह्या पोटची पोर. मी सासू. म्या तोंड उघडलं असतं, तं तू म्हटली असती, म्हतारी माह्या लेकीले नाव ठेवून राहिली. साधं इचारते तू सारं. तुले मी काय साधं सांगू?

मधुकर : रडू नको आई.

मनकर्णाबाई : मी नाही रडून राहिली. तिले पाय.

शामला : मी ठीक आहे. नागपूरला मेडिकल हॉस्पिटलात कानाचा विभाग कोणत्या वारी असतो?

मधुकर : विचारलं मी. उद्या आहे. कार्डासाठी आठाच्या आत लाइनीत लागा लागते.

शामला : कधी विचारलंत?

मधुकर : डिसेंबरात.

शामला : सुट्टी मिळेल?

मधुकर : टाकली आहे. पहिल्या बसनं निघू. मी येतो, तू येते...

मनकर्णाबाई : अन् मी?

मधुकर : तुझे गुडघे...

मनकर्णाबाई : गुडघ्याचं मले सांगू नको. डॉक्टर इचारन, कवापासून, तं कोन सांगन? तुमी दोघं तं आज उठले.

शामला : आई येतील. ... ही रीळही घ्या बरोबर. मी नुसतं सांगितलं तर तेही म्हणतील, आईच्या मनाचे खेळ.

मधुकर : मेडिकलले मशीन कुठून आणतील? थांब, आधी हे बंद करतो, बल्ब तापला. जरा सरका, मशीन फिरवू दे...

शामला : अहो, उजेड! तिच्या तोंडावर गेला.

मधुकर : अरे. उठली. थांब, मशीन परत भिंतीकडे करतो.

शामला : इतका वेळ हे खडखडत होतं, तेव्हा हूं नाही की चूं नाही.

मधुकर : धोतराकडे पाहून राहिली. हात दाखवून राहिली. आई, तुले ओळखलं तिनं.

मनकर्णाबाई : ह्या नाकावरून कोनीबी ओयखन. ... शामले, तू काय करून राहिली तिथं? तिच्या मागून हाका नको मारू.

शामला : सवय आहे आई.

मनकर्णाबाई : मलेबी होती. सरक, हात दे मले, उतरू दे खाली. मधू, तू नुसता पाहत काय राहिला? काढ ती खिडकीची गोधडी. अंधारात तिले आपले तोंडं कसे दिसन?